नवोदित नेमबाज आणि अर्धस्वयंचलित मॅग्नम रायफल : सुरक्षितता व उपयुक्ततेचा विचार

प्रस्तावना

राष्ट्रीय छात्रसेनेची, म्हणजेच एन.सी.सी.ची स्थापना १९४८ च्या कायद्यान्वये झाली. तेव्हापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा रायफलशी होणारा पहिला परिचय बहुधा याच संघटनेच्या माध्यमातून होत आला आहे. नागपूरच्या दृष्टीने या विषयाला एक स्थानिक पैलूही आहे. महाविद्यालयांतील प्राध्यापकांना छात्रसेनेचे सहयोगी अधिकारी म्हणून प्रशिक्षण देणारी अधिकारी प्रशिक्षण अकादमी नागपूरलगतच्या कामठी येथे आहे. त्यामुळे विद्यार्थ्याच्या हाती कोणते शस्त्र, कोणत्या क्रमाने व कोणत्या खबरदारीने द्यावे, हा प्रश्न केवळ सैनिकांचा किंवा क्रीडा संघटनांचा राहत नाही. तो अध्यापकांचाही होतो.

अलीकडच्या काळात चित्रपट, संगणकीय खेळ आणि मोबाइलवरील चित्रफिती यांमुळे विद्यार्थ्यांच्या मनात शक्तिशाली रायफलींविषयी मोठे आकर्षण निर्माण झाले आहे. ‘०.२२ ची रायफल म्हणजे खेळणे. खरी नेमबाजी शिकायची तर मोठी, भराभर चालणारी रायफल हवी,’ असा समज सर्रास आढळतो. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, अर्धस्वयंचलित मॅग्नम रायफली नागरी बाजारात उपलब्ध असल्याने त्यांविषयीची माहिती सहज हाती येते. परंतु त्या माहितीमागील तांत्रिक विवेक सोबत येतोच असे नाही. प्रस्तुत लेखात अशी रायफल नवोदित नेमबाजासाठी कितपत सुरक्षित व कितपत उपयुक्त ठरते, याचे विवेचन यंत्ररचना, भौतिकशास्त्र, प्रशिक्षणशास्त्र आणि भारतीय कायदा या चार अंगांनी केले आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

‘अर्धस्वयंचलित’ आणि ‘मॅग्नम’ या दोन शब्दांचा परस्परांशी अंगभूत संबंध नाही. पहिला शब्द रायफलच्या यंत्रणेविषयी आहे, तर दुसरा काडतुसाविषयी. चर्चेत या दोहोंची सरमिसळ होते आणि तेथूनच गैरसमजांना सुरुवात होते.

बोल्ट ॲक्शन रायफलमध्ये एक गोळी झाडल्यानंतर नेमबाजाला स्वतःच्या हाताने बोल्ट उचलून मागे ओढावा लागतो. त्यामुळे रिकामे काडतूस बाहेर पडते. बोल्ट पुन्हा पुढे ढकलल्यावर नवे काडतूस नळीच्या मागील कोशात, म्हणजे चेंबरमध्ये बसते. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये हेच काम स्फोटातील वायूंचा दाब अथवा मागे येणारा धक्का करून टाकतो. गोळी सुटताच रिकामे काडतूस फेकले जाते, नवे काडतूस चेंबरमध्ये जाते आणि आतील यंत्रणा पुढच्या आघातासाठी सज्ज होते. मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप स्वतंत्रपणे ओढावा लागतो. चाप दाबून धरल्यास गोळ्या सुटतच राहतात, ते शस्त्र पूर्णतः स्वयंचलित होय. ईशापूर येथील कारखान्यात तयार झालेली ७.६२ मिलिमीटरची एस.एल.आर. ही अर्धस्वयंचलित रायफलचे भारतीयांना परिचित असलेले उदाहरण आहे.

‘मॅग्नम’ ही संज्ञा नेहमीपेक्षा अधिक दारू आणि अधिक वेग असलेल्या काडतुसासाठी वापरली जाते. हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश कंपनीचे ०.३७५ मॅग्नम १९१२ मध्ये आले आणि मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठी ते प्रसिद्धीस पावले. विंचेस्टर या अमेरिकी कंपनीने ०.३०० मॅग्नम १९६३ मध्ये बाजारात आणले. ही संज्ञा सापेक्ष आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. १९५९ मधील ०.२२ मॅग्नम हे साध्या ०.२२ पेक्षा सुमारे तिप्पट ऊर्जेचे असले, तरी मोठ्या मॅग्नम काडतुसांपुढे ते अगदीच किरकोळ ठरते. प्रस्तुत लेखात ‘मॅग्नम’ हा शब्द मोठ्या बोअरच्या काडतुसांसाठी योजला आहे.

धक्क्याचे गणित

गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार गोळी आणि जळालेल्या दारूचे वायू यांचा एकत्रित संवेग जितका, तितकाच रायफलचा मागील दिशेचा संवेग असतो. रायफलचे वस्तुमान ठाऊक असल्यास तिचा मागे येण्याचा वेग आणि त्यातून खांद्यावर येणारी ऊर्जा यांचे गणित मांडता येते. वायूंचा सरासरी वेग सेकंदाला १२०० मीटर धरून केलेले ढोबळ गणित पुढीलप्रमाणे आहे.

०.२२ रायफल : गोळी २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० मीटर, दारू ०.१ ग्रॅम, रायफल २.८ किलोग्रॅम. धक्क्याची ऊर्जा सुमारे ०.१७ ज्यूल.

५.५६ मिलिमीटर इन्सास : गोळी ४ ग्रॅम, वेग ९०० मीटर, दारू १.७ ग्रॅम, रायफल ४.१ किलोग्रॅम. ऊर्जा सुमारे ४ ज्यूल.

०.३०३ रायफल : गोळी ११.३ ग्रॅम, वेग ७४५ मीटर, दारू २.४ ग्रॅम, रायफल ४.१ किलोग्रॅम. ऊर्जा सुमारे १५.५ ज्यूल.

०.३०० मॅग्नम : गोळी ११.७ ग्रॅम, वेग ९०० मीटर, दारू ४.५ ग्रॅम, रायफल ३.६ किलोग्रॅम. ऊर्जा सुमारे ३५ ज्यूल.

या आकड्यांतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. ०.२२ च्या तुलनेत मॅग्नम गोळीची ऊर्जा सुमारे ३३ पट आहे. परंतु खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा सुमारे २०० पट आहे. धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे याचे कारण होय. म्हणजेच काडतुसाची शक्ती वाढवीत गेल्यास नेमबाजाला मोजावी लागणारी किंमत त्याहून कितीतरी वेगाने वाढत जाते. ज्या ०.३०३ रायफलच्या धक्क्याच्या आठवणी जुन्या पिढीतील छात्र आजही सांगतात, तिच्याही दुपटीहून अधिक धक्का येथे बसतो. दुर्बिणीची काच डोळ्याच्या फार जवळ असल्यास भुवईवर अर्धचंद्राकृती जखम होते. मॅग्नम रायफल वापरणाऱ्या नवख्यांच्या बाबतीत हा प्रकार अनोळखी नाही.

धक्क्याबरोबर आवाजाचाही विचार करावा लागतो. कानाला तत्काळ इजा होण्याची मर्यादा सामान्यतः १४० डेसिबल मानली जाते. ०.२२ रायफलचा आवाज या मर्यादेच्या आसपास असतो, तर मोठ्या रायफलींचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जातो. धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाशी बसविलेला मझल ब्रेक वायूंना बाजूला वळवितो. त्यामुळे खांद्याला आराम मिळतो. पण नेमबाजाच्या आणि शेजारच्या छात्राच्या कानांवरील ताण वाढतो.

दोन धोक्यांचा गुणाकार

अर्धस्वयंचलित यंत्रणा आणि मॅग्नम काडतूस यांचे धोके वेगवेगळे विचारात घेतले, तर त्यांपैकी प्रत्येकाचे नियंत्रण शक्य आहे. ते एकाच शस्त्रात एकत्र आल्यावर मात्र त्यांची नुसती बेरीज होत नाही.

बोल्ट ॲक्शन मॅग्नम रायफलचा धक्का नवख्याला हादरवून टाकतो. तो तोल गमावेल, नळी वर जाईल, कदाचित रायफल हातातून निसटेल. परंतु त्या क्षणी चेंबरमध्ये केवळ रिकामे काडतूस असते. बोल्ट हाताने चालविल्याखेरीज दुसरी गोळी सुटू शकत नाही. याउलट अर्धस्वयंचलित ०.२२ रायफलमध्ये दुसरे काडतूस तत्काळ सज्ज होते; परंतु धक्का इतका अल्प असतो की, नेमबाजाचा तोल जात नाही आणि नळी लक्ष्याच्या दिशेनेच राहते.

अर्धस्वयंचलित मॅग्नम रायफलमध्ये या दोन्ही स्थिती एकाच क्षणी उद्भवतात. ज्या क्षणी नेमबाजाचा ताबा सर्वांत कमी असतो, नेमक्या त्याच क्षणी रायफल पुन्हा पूर्ण सज्ज झालेली असते. दचकलेल्या माणसाची मूठ आपोआप आवळली जाते, ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया होय. मुठीबरोबर तर्जनीही आवळली गेली आणि ती चापावर असली, तर दुसरी गोळी अनिच्छेने सुटते. तेव्हा नळी आकाशाकडे किंवा बाजूला वळलेली असण्याचा संभव असतो. अशी गोळी चार किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. बंदिस्त फायरिंग रेंजचा मातीचा बंधारा समोरून येणारी गोळी अडवितो. वर गेलेली गोळी अडविण्याचे सामर्थ्य त्यात नसते.

रिकामे करण्याच्या कृतीतही असाच धोका दडलेला आहे. अर्धस्वयंचलित रायफल रिकामी करताना आधी मॅगझीन काढावे आणि नंतर बोल्ट ओढून चेंबर तपासावा, असा क्रम आहे. नवख्याने हा क्रम उलटा केला, तर बोल्ट ओढल्यावर एक काडतूस बाहेर पडते, मॅगझीनमधील दुसरे आत जाते आणि त्यानंतर मॅगझीन काढले जाते. रायफल रिकामी दिसते, प्रत्यक्षात ती भरलेली असते. छात्रसेनेच्या कवायतीत ‘खाली कर’ आणि ‘जाँच शस्त्र’ या आदेशांवर जो भर दिला जातो, त्यामागील तर्क हाच आहे. बोल्ट ॲक्शन रायफलचा उघडा बोल्ट प्रशिक्षकाला दुरूनही दिसतो. दहा छात्र एका ओळीत झोपून गोळीबार करीत असताना ही साधी सोय मोलाची ठरते.

शिकण्याच्या प्रक्रियेवर होणारा परिणाम

सुरक्षिततेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी उपयुक्ततेचा प्रश्न उरतोच. मराठीत ‘शिस्त’ या शब्दाचा जुना अर्थ नेम असा आहे आणि छात्रसेनेच्या हिंदी पाठांत तो आजही त्याच अर्थाने येतो. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि चापाचे योग्य संचालन ही चांगल्या नेमबाजीची तीन सूत्रे छात्रांना शिकविली जातात. या तिन्हींपैकी एकही गोष्ट मॅग्नम रायफल अधिक चांगली शिकवीत नाही. उलट तिसऱ्या सूत्राला ती बाधक ठरते.

धक्का व आवाज यांची पूर्वकल्पना आल्यावर नवखा नेमबाज चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा पुढे रेटतो आणि चापाला हिसका देतो. नेमबाजीत याला फ्लिंच म्हणतात. ही सवय काही गोळ्यांतच लागते, मात्र ती मोडण्यास दीर्घ काळ जातो. प्रशिक्षक ती ओळखण्यासाठी मॅगझीनमध्ये नेमबाजाच्या नकळत एखादे नकली काडतूस मिसळतात. गोळी न सुटताही नळी खाली झुकली, तर दोष कोणाचा, हे शिकणाऱ्याला तेथेच दिसते. हाच दोष खऱ्या धक्क्याच्या आड लपून राहतो. म्हणजे मॅग्नम रायफल चूक घडविते आणि ती झाकूनही ठेवते.

दुसरी अडचण अर्धस्वयंचलित यंत्रणेची आहे. शिकणाऱ्यासाठी एका गोळीनंतरचा विराम हा अध्ययनाचा काळ असतो. गोळी सुटताना नेम कोठे होता, श्वास कोणत्या स्थितीत होता, बोट कसे हलले, याचे आत्मपरीक्षण या विरामात होते. बोल्ट ॲक्शन रायफल हा विराम सक्तीने देते. अर्धस्वयंचलित रायफल तो ऐच्छिक करते आणि नवख्याचा कल साहजिकच पुढची गोळी झाडून मागील चूक दुरुस्त करण्याकडे असतो. गोळ्यांची संख्या वाढते. शिकणे वाढतेच असे नाही. यात खर्चाचीही भर पडते. ०.२२ च्या तुलनेत मॅग्नम काडतूस अनेक पटींनी महाग असल्याने आवश्यक तितका सरावच परवडत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रातील नेमबाजीचा इतिहास या मुद्द्याला बळकटी देतो. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात छात्रसेनेतून झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता ठरला. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकाविले.

या यशाची साधने पाहण्याजोगी आहेत. १० मीटर प्रकारातील एअर रायफल ४.५ मिलिमीटरचा छर्रा हवेच्या दाबाने सोडते. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचे असते. ५० मीटर प्रकारात साधे ०.२२ काडतूस वापरले जाते आणि दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. या दोन्ही प्रकारांत प्रत्येक वेळी एकच गोळी हाताने भरावी लागते. जागतिक कौशल्याची कसोटी जेथे लागते, तेथे शक्तीला स्थान नाही. ज्या ०.२२ काडतुसाला विद्यार्थी खेळणे समजतात, त्याच काडतुसावर ऑलिंपिक पदक मिळाले आहे.

अर्धस्वयंचलित यंत्रणा सर्वस्वी त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या प्रकारात ०.२२ चे अर्धस्वयंचलित पिस्तूल वापरले जाते. तेथे धक्का अल्प आहे आणि ते हाताळणारी व्यक्ती पूर्ण प्रशिक्षित आहे. प्रश्न यंत्रणेचा नसून यंत्रणा, काडतूस आणि हाताळणाऱ्याची तयारी यांच्या मेळाचा आहे.

आक्षेप आणि त्यांचा विचार

अर्धस्वयंचलित रायफलच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा मांडला जातो आणि तो निराधार नाही. वायूंची काही ऊर्जा यंत्रणा चालविण्यात खर्च होते, धक्का किंचित अधिक काळात विभागला जातो आणि म्हणून तो सौम्य वाटतो. अनुभवी नेमबाजाला याचा लाभ होतो. परंतु एकूण संवेग त्यामुळे नाहीसा होत नाही. ३५ ज्यूलचा धक्का थोडा मृदू झाला, तरी तो नवख्याच्या आवाक्यात येत नाही. आणि दुसऱ्या गोळीचा धोका तर कायमच राहतो.

‘अवघडापासून सुरुवात केली, की सोपे आपोआप जमते,’ असा दुसरा युक्तिवाद केला जातो. कौशल्याच्या अध्यापनात हा मार्ग क्वचितच फलदायी ठरतो. पोहायला शिकणाऱ्यास कोणी पुराच्या पाण्यात उतरवीत नाही. तिसरा आक्षेप शरीरयष्टीचा आहे. धिप्पाड विद्यार्थ्याला धक्क्याचा त्रास कमी होतो, हे खरे. परंतु फ्लिंच ही प्रामुख्याने मज्जासंस्थेची प्रतिक्रिया असल्याने बलदंड शरीर तिच्यापासून संरक्षण देत नाही.

कायदेशीर स्थिती

भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. १९६२ चे शस्त्र नियम आणि त्यांची जागा घेणारे २०१६ चे शस्त्र नियम या दोहोंच्या पहिल्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित रायफलींचा समावेश पहिल्या, म्हणजे कडक निर्बंधांच्या प्रवर्गात केलेला आहे. त्यामुळे सर्वसामान्य नागरिकाला अशी रायफल सहज मिळू शकत नाही. परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. प्रशिक्षणासाठी विहित अटींवर विहित शस्त्रे वापरण्याची सवलत याच अधिनियमाच्या कलम ९ मध्ये दिलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या सर्वसाधारणपणे तीनवरून दोनवर आणली.

मॅग्नम काडतुसांचा मूळ हेतू मोठ्या श्वापदांची शिकार हा होता. एकेकाळी मध्य प्रांताच्या जंगलांत शिकारीसाठी येणाऱ्यांचे नागपूर हे प्रवेशद्वार होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ते पर्व संपविले. ज्या प्रयोजनासाठी हे काडतूस निर्माण झाले, ते प्रयोजनच विदर्भातील तरुणापुढे आज उरलेले नाही.

प्रशिक्षणासाठी सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन पातळीवर पुढील क्रम सुचविता येईल. प्रथम कोणतीही गोळी न भरता हाताळणी, तपासणी आणि चापाचा सराव व्हावा. त्यानंतर एअर रायफल आणि मग बोल्ट ॲक्शन ०.२२ रायफल, तीही सुरुवातीस एका वेळी एकच काडतूस देऊन, वापरावी. एका ठिकाणी पाच गोळ्यांचा गट सातत्याने जमू लागल्यावरच पुढील शस्त्राचा विचार व्हावा. सेवेतील मोठी रायफल छात्रसेनेच्या शिबिरात हाताळावयाची असल्यास ती सैनिकी प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळली जावी, आणि पहिल्या वेळी मॅगझीनमध्ये एकच काडतूस असावे. अर्धस्वयंचलित रायफल अशा वेळी पहिल्या गोळीनंतर रिकामीच राहते. कान व डोळे यांचे संरक्षण ०.२२ च्या वेळीही सक्तीचे असावे. ०.२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, हे प्रत्येक छात्राला आरंभीच सांगितले जावे. लहान शस्त्राविषयीची बेफिकिरी हाही एक धोकाच आहे.

निष्कर्ष

अर्धस्वयंचलित मॅग्नम रायफल हे वाईट शस्त्र नाही. ते नवख्याचे शस्त्र नाही. तिचा धक्का नेमबाजाचा ताबा घालवितो आणि तिची यंत्रणा त्याच क्षणी दुसरी गोळी सज्ज ठेवते. हा संयोग सुरक्षिततेच्या दृष्टीने धोकादायक आणि अध्ययनाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. विद्यार्थी मोठ्या रायफलविषयी विचारतात, तेव्हा त्यांना केवळ ‘नियमात बसत नाही’ असे उत्तर देणे पुरेसे नाही. संवेगाचे साधे गणित फळ्यावर मांडून आणि अर्ध्या मिलिमीटरचे वर्तुळ प्रत्यक्ष दाखवून अध्यापक हे उत्तर अधिक परिणामकारकपणे देऊ शकतात. भौतिकशास्त्राचा तास आणि फायरिंग रेंज यांची सांगड घालण्याची ही एक चांगली संधीही आहे.